पगडी, हिजाब, टोपी, माळ: इतरांच्या धार्मिक पेहरावाचा आदर मुलांना कसा शिकवावा

बसमध्ये किंवा दवाखान्याच्या बाकावर बसलेलं मूल मोठ्यानं विचारतं, "आई, त्या काकांनी डोक्याला काय गुंडाळलंय?" चार माणसं वळून बघतात. आई मुलाचा दंड दाबते, "शू! असं विचारायचं नसतं." मुलानं नुसतं एक नवीन कापड पाहिलं होतं. आता त्याला कळलं की त्या काकांबद्दल बोलणं लाजेचं आहे. काय आहे ते कापड, हे मात्र कळलं नाहीच.

मुलं हा विषय भाषणातून शिकत नाहीत, मोठ्यांच्या पहिल्या दोन-चार सेकंदांतून शिकतात. म्हणून मुलाला काय सांगायचं याच्याआधी आपण काय करतो ते सुधारावं लागतं. हा लेख आईवडिलांसाठी आणि बालवर्ग किंवा शाळेत शिकवणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्या साधारण ज्या क्रमानं घ्याव्यात त्याच क्रमानं दिल्या आहेत. पहिली गाळून दुसरीवर उडी मारली तर पुढचं सगळं पोपटपंची होतं.

पहिली पायरी: घरातली भाषा आणि घरातल्या खुणा

आठवडाभर स्वतःचं बोलणं ऐका. 'टोपीवाले', 'बुरखेवाली', 'पगडीवाला', 'गंधवाले' असे शब्द तोंडात येतात का? यातला 'वाला' माणसाला पुसून टाकतो आणि कपडाच उरवतो. वर्णन करायला हरकत नाही. "निळी पगडी बांधलेले काका" हे "चष्मा लावलेल्या मावशी"सारखंच झालं. पण "ते पगडीवाले असेच असतात" म्हटलं की वर्णन संपतं आणि शिक्का सुरू होतो. मुलाला हा फरक व्याकरणानं समजावता येत नाही, आपण बोलताना पाळला की आपोआप लागतो.

मग मुलाला जवळ घेऊन पंधरा मिनिटांत आपल्याच घरची यादी करा. कोण कपाळाला गंध किंवा टिकली लावतं, कोणाच्या गळ्यात माळ, मंगळसूत्र, क्रॉस किंवा तावीज आहे, कोण जानवं घालतं, कोण प्रार्थनेपुरतंच डोकं झाकतं, कोण काहीच घालत नाही. प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा: हे कधी घालतात आणि हे कोणी ओढलं तर त्यांना कसं वाटेल. घरात कोणीच धार्मिक खूण वापरत नसेल तर लग्नातली अंगठी किंवा आजोबांची जपून ठेवलेली शाल घ्या. ही पायरी आधी घ्यायची, कारण नाहीतर मुलाच्या डोक्यात दोन कप्पे तयार होतात: आपले ते नेहमीचे कपडे आणि बाकीच्यांचे ते 'धार्मिक कपडे'. एकाच घरात आजी आणि मावशी एकच धर्म पाळून निरनिराळ्या खुणा वापरतात, हे मुलानं स्वतःच्या यादीत पाहिलं की पुढचं अर्धं काम झालं.

दुसरी पायरी: नावं नीट शिकून घ्या

चुकीचं नाव घेणारा मोठा माणूस आदर शिकवू शकत नाही. सगळं पाठ करायची गरज नाही, पण जे रोज दिसतं त्याचं नाव यायला हवं.

डोकं झाकण्याच्या मुस्लिम पद्धतींत सर्वात जास्त गोंधळ होतो. हिजाब म्हणजे केस, कान आणि मान झाकणारा रुमाल. चेहरा उघडा असतो. नकाबमध्ये डोळे सोडून चेहरा झाकला जातो. बुरखा अंगभर असतो. अफगाणिस्तानातल्या बुरख्यात डोळ्यांपुढे जाळी असते, तर आपल्या बोलण्यात चेहरा उघडा ठेवणाऱ्या सैल काळ्या झग्यालाही बुरखाच म्हणतात. इराणमधली चादोर हे डोक्यावरून पायापर्यंत येणारं एकसंध कापड आहे, पुढून हातानं धरलेलं. या सगळ्याला सरसकट 'बुरखा' म्हणणारं मूल पुढे त्या सगळ्या बायकांनाही एकच समजू लागतं.

शिखांच्या पगडीला दस्तार म्हणतात आणि लहान मुलं बांधतात तो पटका. १६९९ साली आनंदपूर साहिबला गुरू गोविंदसिंगांनी खालसा पंथाची स्थापना केली. खालसाच्या पाच खुणा म्हणजे केश, कंगा (कंगवा), कडा, कच्छेरा (आखूड विजार) आणि किरपाण (कृपाण). पगडी या पाचांत मोजली जात नाही, ती न कापलेले केस राखण्यासाठी बांधतात. पुष्कळ मोठ्यांनाही हे ठाऊक नसतं. ज्यू पुरुषांच्या डोक्यावरची छोटी गोल टोपी म्हणजे किप्पा. पारशी लोक अंगात पांढरा सदरा घालतात आणि कमरेला ७२ धाग्यांची लोकरीची कस्ती बांधतात. ती कपड्यांच्या आत असल्यामुळे बाहेरून दिसतच नाही, जानव्यासारखी. हे उदाहरण मुलांना आवर्जून सांगावं. धर्म दिसतो तेवढाच असतो असं नाही, हे त्यांना यातून नेमकं समजतं.

संन्याशांचे आणि साधूंचे पेहराव मुलांना फार खेचून घेतात, त्यामुळे त्यांचीही तयारी ठेवा. बौद्ध भिक्खूंचं चीवर तुकडे जोडून शिवलेलं असतं. फ्रान्सिस्कन ख्रिस्ती संन्याशांच्या कमरेच्या दोरीला तीन गाठी असतात: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांच्या. जैन साधू-साध्वींच्या तोंडावरची पट्टी म्हणजे मुहपत्ती, सूक्ष्म जिवांना इजा होऊ नये म्हणून. स्थानकवासी आणि तेरापंथी साधू ती कायम बांधतात, मूर्तिपूजक परंपरेतले साधू हातात ठेवतात. आणि दिगंबर मुनी दिसले की मूल हमखास मोठ्यानं विचारणार, "यांनी कपडे का नाही घातले?" इथे मोठी माणसं सर्वात जास्त गडबडतात. उत्तर सरळ आहे: "त्यांनी स्वतःचं असं काहीच ठेवायचं नाही असं ठरवलंय, कपडेसुद्धा नाहीत. म्हणून ते मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू एवढंच बरोबर ठेवतात." लाजल्याशिवाय एकदा सांगितलं की मूल दुसरा प्रश्न पिंछीबद्दल विचारतं, कपड्यांबद्दल नाही.

तिसरी पायरी: चारचौघांत प्रश्न आला की

याची तालीम आधीच करून ठेवा, कारण त्या क्षणी सुचत नाही.

मुलाच्या उंचीला वाका. आवाज नेहमीचाच ठेवा; कुजबुजलात की मुलाला वाटतं हे गुपित आहे. उत्तर तीन तुकड्यांत द्या: नाव, एका वाक्यात कारण, आणि पुन्हा मूळ कामाकडे. "ती पगडी आहे. पुष्कळ शीख माणसं केस कापत नाहीत आणि वर पगडी बांधतात. चल, आपला नंबर आला." एवढंच. या ठिकाणी दहा मिनिटांचं प्रवचन सुरू केलं तर समोरचा माणूस विनाकारण प्रदर्शनातली वस्तू होतो.

त्या माणसानं ऐकलं असेल तर हसून मान हलवा. ते स्वतःहून बोलले तर मुलाला बोलू द्या. "बघा ना, हा किती गोड विचारतोय, सांगा ना त्याला" असं म्हणून उत्तर मात्र मागू नका. माणूस दवाखान्यात स्वतःच्या कामासाठी आलेला असतो.

मूल काही लागट बोललं, "ती बाई भुतासारखी दिसते," तर माफी मोठ्या माणसानं मागायची आहे, मुलानं नाही. "माफ करा, तो शिकतोय," इतकं पुरे. तिथेच मुलाला दटावून "सॉरी म्हण" असं घोकून घेतलं की त्याच्या लक्षात लाज राहते आणि तो राग पुढच्या वेळी त्या पेहरावावर निघतो. घरी गेल्यावर, त्याच दिवशी, शांतपणे विचारा: "तुला भीती वाटली का? कशाची?" लहान मुलांना चेहरा न दिसण्याची खरोखरच भीती वाटते, मुखवटा घातलेल्या बाबांनाही ती घाबरतात. हे मान्य करा आणि मग सांगा: "आत तुझ्या मावशीसारख्याच कोणीतरी आहेत. घरी, आपल्या माणसांत असताना त्या चेहरा उघडा ठेवतात."

उत्तर येत नसेल तर "मला नीट माहीत नाही, घरी गेल्यावर शोधू" असं म्हणा आणि खरंच शोधा. शोधलं नाहीत तर मुलाला कळतं की हा विषय टाळायचा असतो.

वयाचा अंदाज

दोन-तीन वर्षांच्या मुलाला नाव पुरतं: "तो हिजाब. त्या ताईचा हिरवा आहे." चार-पाचव्या वर्षी 'का' सुरू होतो, तिथे एका वाक्याचं कारण द्यायचं. या वयात एक जोखीम असते. २००६ साली मेगन पॅटरसन आणि रेबेका बिगलर या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना तीन आठवडे लाल किंवा निळे टी-शर्ट घालायला दिले होते. काही वर्गांत शिक्षक मुलांना रंगानुसार हाक मारत आणि रंगानुसार वर्ग चालवत. बाकीच्या वर्गांत रंगाचा उल्लेखच करत नसत. आपल्या रंगाची बाजू घेणं दोन्हीकडे दिसलं, पण शिक्षक रंग वापरत होते तिथे काही बाबतींत ते जास्त होतं. म्हणजे नुसत्या कपड्यानंही मुलं गट पाडतात, आणि मोठ्या माणसानं कपड्यावरून हाक मारली की ती भिंत आणखी उंच होते. म्हणून वर्गात "पटका बांधलेली मुलं इकडे, बाकीची तिकडे" अशी रांग कधीही करू नका, सोयीसाठीसुद्धा नाही.

सहा ते नऊ या वयात मुलांना नियम आवडतात, त्यामुळे खाली दिलेला स्पर्शाचा नियम याच वयात पक्का होतो. दहाच्या पुढे न्याय-अन्यायाचे प्रश्न येतात: कोण ठरवतं, सक्ती असते का, शाळेत चालतं का. तिथे एका वाक्यात उडवून लावलं तर मूल उत्तर मोबाईलवर शोधतं, आणि तिथे काय सापडेल याचा नेम नाही.

चौथी पायरी: हात लावायचा नाही

बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. खोडीत, कुतूहलानं किंवा प्रेमानंही दुसऱ्याच्या अंगावरच्या धार्मिक वस्तूला न विचारता हात लावायचा नाही. कारण सांगितल्याशिवाय नियम टिकत नाही, म्हणून एखादी वस्तू जवळून समजावून द्या. पटका घ्या.

पटका म्हणजे चौकोनी कापड, कोपऱ्यांना बंद शिवलेले. आधी लांब केस विंचरून, पिळून डोक्याच्या वरच्या बाजूला जुडा घालतात. कापडाची पुढची कड कपाळावर घट्ट बसवून पुढचे दोन बंद डोक्यामागे बांधतात, मग मागचा भाग वर ओढून त्याचे बंद जुड्याभोवती गुंडाळतात. म्हणजे जुडा ओढला की थेट केसांची मुळं ओढली जातात. आणि पटका सुटला तर तो टोपीसारखा परत ठेवता येत नाही. केस मोकळे झालेले असतात, पुन्हा विंचरण्यापासून सुरुवात. लहान मुलाला ते एकट्याला सहसा जमत नाही, त्यामुळे घरी जाईपर्यंत त्याला तसंच राहावं लागतं. हे ऐकल्यावर आठ वर्षांचं मूल स्वतःच म्हणतं, "मग तर फारच वाईट."

हिजाबच्या आत बऱ्याचदा घट्ट टोपी असते आणि हनुवटीखाली पिन. मागून ओढलं तर पिन टोचते, गळा आवळतो.

चुकून किंवा खोडीत कोणाचं डोकं उघडं पडलंच तर काय करायचं, हेही मुलांना आधी शिकवा. गोळा व्हायचं नाही. बघत उभं राहायचं नाही, तोंड फिरवायचं. जवळच्या एकानं आडोसा धरायचा, एकानं बाईंना किंवा सरांना बोलवायचं. मुलगी असेल तर शक्यतो बाईंना. कापड जमिनीवरून उचलून दोन्ही हातांनी परत द्यायचं, चेंडूसारखं फेकायचं नाही. हे दोनदा करून बघितलं की वर्गाला जमतं; नुसतं सांगितलं तर त्या वेळी सगळे गोळाच होतात.

पाचवी पायरी: चित्रं, आणि फॅन्सी ड्रेसचा मोह

शाळेत सर्वात जास्त चूक इथे होते. 'विविधतेत एकता'चा कार्यक्रम ठरतो आणि मुलांना पगडी, बुरखा, पाद्र्याचा झगा चढवून रांगेत उभं करतात. हेतू चांगला असतो. मुलं मात्र शिकतात की हे नाटकाचं सामान आहे, चढवायचं, टाळ्या घ्यायच्या आणि काढून टाकायचं. ज्या मुलाच्या घरी ती पगडी रोज श्रद्धेनं बांधली जाते, त्याला तीच पुठ्ठ्याची करून दुसऱ्याच्या डोक्यावर पाहावी लागते. हा कार्यक्रम करू नका.

त्याऐवजी चित्रांचा खेळ करा. दहा-बारा छायाचित्रं गोळा करा आणि ती निवडताना तीन गोष्टी सांभाळा. एक, प्रत्येक परंपरेतली किमान दोन माणसं निरनिराळ्या पेहरावात असावीत आणि एखादी खूण अजिबात न वापरणारी असावी. दोन, माणसं प्रार्थना करताना नकोत, कामात हवीत: हिजाब घातलेली डॉक्टर, पगडी बांधलेला धावपटू, किप्पा घातलेला गवंडी. तीन, प्रत्येक चित्राला काम आणि आवड यांचं एक वाक्य असावं. आधी चित्र दाखवून विचारा, "हे काय काम करत असतील?" मग मागचं वाक्य वाचा. मुलं चुकतात, हसतात आणि आपला अंदाज कपड्यावरून होता हे त्यांच्या लक्षात येतं. वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त ताणू नका.

एका धर्माचं एक चित्र असा तक्ता भिंतीवर लावणं मात्र टाळा. मूल त्यावरून शिकतं की मुस्लिम म्हणजे हा कपडा आणि शीख म्हणजे तो. मग वर्गातली हिजाब न घालणारी मुलगी त्याला खोटी वाटू लागते. "तू खरी मुस्लिम नाहीस" हे वाक्य जन्माला येतं ते याच तक्त्यातून.

सहावी पायरी: प्रश्न विचारायची रीत

प्रश्न दाबायचे नाहीत, घडवायचे आहेत. मुलाला तीन चाळण्या द्या. समोरच्याशी आपली ओळख आहे का? तो आत्ता मोकळा आहे का? आणि हा खरंच प्रश्न आहे, की प्रश्नाच्या आत मत लपलंय?

"तुझ्या पटक्याचे किती रंग आहेत?" हा प्रश्न आहे. "याला काय म्हणतात?" हाही. "तुला यात उकडत नाही का?" यात मत आहे: मला हे चुकीचं वाटतं. "आत टक्कल आहे का?" हा तर चिमटाच. मुलांसमोर अशी आठ-दहा वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून ठेवा आणि त्यांनाच दोन ढीग करू द्या. काही चिठ्ठ्यांवर वाद होईल, तो होऊ द्या. त्याच वादात शिकणं असतं. शेवटी एक वाक्य सगळ्यांना द्या: "तुला सांगायचं नसेल तर नको सांगू." प्रश्नानंतर हे म्हणायची सवय लागली की पुष्कळसं साधतं.

याचीच दुसरी बाजू शिक्षकांसाठी. वर्गातल्या एकुलत्या एका शीख किंवा मुस्लिम मुलाला उभं करून "सांग बरं सगळ्यांना तुमच्यात काय असतं" असं म्हणू नका. नऊ वर्षांच्या मुलाला सगळ्या धर्माचा वकील व्हावं लागतं. त्याला कदाचित माहीतही नसतं, किंवा त्याला आज फक्त खेळायचं असतं. माहिती तुम्ही द्या. त्याला स्वतःहून काही सांगायचं असेल तर आदल्या दिवशी, एकट्याला, नकार देता येईल अशा तऱ्हेनं विचारा.

"पण तिला जबरदस्तीनं घालायला लावतात ना?"

दहा-बारा वर्षांचं मूल हे विचारणारच आणि खोटं उत्तर त्याला कळतं. खरं सांगा. काही जण स्वतःच्या इच्छेनं घालतात, काही घरच्या सवयीनं, जसे आपण पुष्कळ कपडे घालतो. काहींवर सक्ती असते. आणि काहींना घालायचं असूनही घालू दिलं जात नाही. इराणमध्ये १९७९च्या क्रांतीनंतर बायकांना डोकं झाकण्याची कायद्यानं सक्ती झाली. फ्रान्समध्ये २००४च्या कायद्यानं सरकारी शाळांत ठळक दिसणाऱ्या धार्मिक खुणांवर बंदी आली. दोन्ही उदाहरणं शेजारी शेजारी ठेवा आणि विचारा: दोन्हीकडे निर्णय कोणी घेतला? मूल स्वतः बोलू लागेल. इथे मुलाचं मत तुमच्यापेक्षा वेगळं निघालं तरी चालेल. एखाद्या प्रथेशी असहमत असणं आणि ती पाळणाऱ्या मुलीचा अपमान करणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे सर्वात अवघड आणि सर्वात गरजेचं आहे.

त्याबरोबर एक व्यवहाराची गोष्ट सांगा: नुसतं बघून यातलं काहीच ओळखता येत नाही. मैत्रिणीनं स्वतः येऊन "मला त्रास होतोय" असं सांगितलं तर ऐकून घ्यायचं, वर्गात बोभाटा करायचा नाही आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली स्वीकारलेल्या बालहक्क करारातलं चौदावं कलम मुलांच्या विचार, विवेक आणि धर्म यांच्या स्वातंत्र्याबद्दलच आहे. मोठ्या मुलांना ते वाचून दाखवता येतं.

छेड काढली गेली तर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी थांबवा, जागच्या जागी, छोट्या वाक्यात: "पटका ओढायचा नाही. थांब." मग ज्याला लागलंय त्याच्याकडे जा, ज्यानं केलंय त्याच्याकडे नंतर. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. खोडी करणाऱ्याला दहा मिनिटं बोलणी बसतात आणि दुखावलेलं मूल कोपऱ्यात केस सावरत उभं असतं. त्याला विचारा, "तुला आत्ता काय हवंय?" आरसा, एकांत, घरी फोन, जे असेल ते द्या.

खोडी करणाऱ्याशी एकट्यात बोला. काय केलं ते त्याच्या तोंडून वदवून घ्या, कुठून ऐकलं ते विचारा. टोपणनावं बऱ्याचदा घरातून किंवा व्हिडिओतून आलेली असतात. भरपाई त्यानंच सुचवावी आणि समोरच्याला ती मान्य असावी. सगळ्यांसमोर हात मिळवून "झालं, मित्र झाले" करणं सोपं असतं, पण दुखावलेल्याला त्यात नाही म्हणायची सोय नसते. "मस्करी होती, मनावर घेऊ नकोस" हे वाक्य शिक्षकानं तर उच्चारूच नये. पुढचे दोन-तीन आठवडे मधली सुट्टी, बस आणि रांग या तीन जागी लक्ष ठेवा. छळ परत सुरू होतो तो तिथेच.

बघणाऱ्या मुलांना तीन वाक्यं पाठ करून द्या: "सोड त्याला." "चल, आपण खेळायला जाऊ." "मी बाईंना सांगतोय." पहिलं म्हणायची हिंमत प्रत्येकाला होत नाही, दुसरं मात्र बहुतेकांना जमतं. दहा मिनिटांचा सराव, महिन्यातून एकदा.

नातेवाईक मुलांसमोर एखाद्या पेहरावाची टिंगल करतात तेव्हाही गप्प बसू नका. वाद घालायची गरज नाही: "काका, आमच्या घरी आम्ही असं बोलत नाही." मूल ऐकतंय, तेवढं पुरे.

खेळ आणि प्रार्थनास्थळं

खेळाच्या मैदानावर सुरक्षिततेचा नियम सगळ्यांना सारखा असावा: पिना काढायच्या, लोंबणारी टोकं आत खोचायची, माळ किंवा साखळी काढायची नसेल तर कपड्यात घेऊन चिकटपट्टीनं बसवायची, कड्यावर मनगटपट्टी घालायची. खेळासाठी पिनांशिवायचे ताणले जाणारे हिजाब मिळतात. "नियमात बसत नाही" असं कोणी म्हणालं तर फुटबॉलच्या नियमांत २०१४ साली पगडी आणि हिजाबला परवानगी मिळाली, आणि बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २०१७ साली, हे ठाऊक असू द्या.

दुसऱ्यांच्या प्रार्थनास्थळी नेणार असाल तर आदल्या संध्याकाळी सांगा, दारात नाही. गुरुद्वारात सगळ्यांनी डोकं झाकायचं, बूट बाहेर. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळी, पुरुष आणि मुलगे डोकं झाकतात. चर्चमध्ये मात्र पुरुषांनी टोपी काढायची असते. मशिदीत चपला बाहेर, मुली-बायकांनी डोक्यावर ओढणी. एका ठिकाणी डोकं झाकणं हा आदर आणि दुसऱ्या ठिकाणी टोपी काढणं हा आदर, हे मुलांना भारी गमतीचं वाटतं. त्यांनाच कारण शोधू द्या. जाताना खिशात एक मोठा सुती रुमाल ठेवा, कपाळावरून मागे नेऊन गाठ बसेल एवढा. छोटा रुमाल सारखा घसरतो आणि मुलाचं सगळं लक्ष त्यातच जातं.

अशी एखादी भेट झाली की परतीच्या वाटेवर प्रश्न येतात. त्यात बहुधा एक असतो, "मग मीपण उद्यापासून पटका बांधू?" हसू नका आणि "आपल्यात नसतं" म्हणून दारही लावू नका. सांगा, "ज्यांची ती श्रद्धा आहे ते बांधतात. आपण उद्या पटका बांधणाऱ्या तुझ्या मित्राला विचारू, सकाळी त्याला तयार व्हायला किती वेळ लागतो ते."